नाताळची आगगाडी

बेथलेहेमाच्या गव्हाणीभोंवतीं कोण कोण जमलें होतें, हें शुभवर्तमान वाचणाऱ्या प्रत्येक मुलास ठाऊक आहे. मेंढपाळ होते. पूर्वेकडून मागी लोक आले होते. चित्रकारांच्या कृपेनें गाय आणि गाढव हींहि तेथें येऊन उभीं राहिलीं आहेत. आगगाडी मात्र तेथें खचित नव्हती. असें असतां गेल्या नाताळांत आमच्या घरच्या गव्हाणीभोंवतीं आगगाडी धांवली, आणि तीहि मीं स्वतः पैसे मोजून आणिलेली! हें वर्तमान कानीं जातांच आमच्या मंडळींतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं मला देवळाच्या पायरीवर गांठून विचारलें, "मास्तर, ही आगगाडी कोणत्या अध्यायांत आहे?" त्या वेळीं मागें लोकांची दाटी होती, त्यामुळें मीं नुसतें हंसून वेळ मारून नेली. पण प्रश्न वाजवी होता, आणि त्याचें उत्तर चार ओळींत देण्याजोगें नाहीं.

नाताळच्या झाडाखालीं आगगाडी फिरविण्याची चाल मूळची आपली नव्हे. ती अमेरिकेंतील आणि जर्मनींतील. तिचा शोध घेत गेलें म्हणजे मोठी गंमत आढळते. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत मोरेव्हियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांनीं १७४१ मध्यें एक वसाहत केली. त्याच वर्षीं २४ डिसेंबरच्या रात्रीं काउंट झिंझेनडॉर्फ यांनीं तिचें नांव बेथलेहेम असें ठेविलें. हे मोरेव्हियन लोक नाताळांत घरोघर एक देखावा मांडीत. शेवाळ आणून त्याची हिरवळ करावी, लांकडाचीं घरें, मेंढ्या, पूल ठेवावे, मध्यभागीं बाळ येशूची गव्हाण असावी, असा तो प्रकार. त्यास ते 'पुट्झ' म्हणत. जर्मन भाषेंतील सजविणें या अर्थाच्या शब्दावरून तें नांव पडलें. आपल्याकडे दिवाळींत मुलें मातीचा किल्ला करतात, त्यावर मावळे बसवितात, अळीव पेरून रान उगवितात, त्याचेंच हें दूरचें भावंड समजावें. आतां, ज्या गांवाचा असा देखावा करावयाचा त्या गांवीं आगगाडी आली, तर ती देखाव्यांतहि येणारच. एकोणिसाव्या शतकांत पेन्सिल्व्हेनियाच्या या बेथलेहेमांत लोखंडाचा मोठा कारखाना उभा राहिला, आणि १८६३ पासून त्यांत आगगाडीचे रूळ तयार होऊं लागले. पुढें बेथलेहेम स्टील या नांवानें तो जगप्रसिद्ध झाला. १९९५ मध्यें तेथील पोलाद ओतणें बंद पडलें तें पडलेंच. तेव्हां बेथलेहेमाचा आणि आगगाडीचा संबंध नाहीं असें म्हणण्यापूर्वीं, कोणतें बेथलेहेम, तें विचारून घ्यावें!

खेळण्यांतील गाडीचा वंश मात्र जर्मनीचा. गॉपिंगेन गांवीं मेर्क्लिन नांवाचें घराणें १८५९ पासून बाहुल्यांच्या घरासाठीं पत्र्याचीं भांडीं करीत असे. त्यांनीं १८९१ च्या लायप्झिगच्या जत्रेंत चावीची आगगाडी मांडली. गाड्या पूर्वींहि होत्या. यांची युक्ति निराळी होती. त्यांनीं रुळांच्या रुंदीस क्रमांक देऊन मापें ठरवून टाकिलीं, म्हणजे आज इंजिन आणि चार रूळ घ्यावे, पुढील नाताळांत दोन डबे घ्यावे, त्यापुढील नाताळांत पूल घ्यावा. सर्व एकमेकांस जुळणार. मुलांस आनंद आणि बापाच्या खिशास कायमचें भोंक, अशी ही योजना आहे. ज्यानें ती काढली त्याच्या बुद्धीचें मला कौतुक वाटतें. भय त्याहून अधिक वाटतें. पुढें न्यूयॉर्कच्या जोशुआ लायोनेल कोवेन यांनीं १९०१ च्या सुमारास विजेवर चालणारी एक उघडी वाघीण केली. ती दुकानाच्या कांचेंत माल घेऊन फिरावी आणि रस्त्यावरील माणसानें थबकून माल पाहावा, एवढाच तिचा उद्देश होता. लोक थबकले खरे; पण त्यांनीं माल सोडून गाडीच विकत मागितली. त्याच काळांत तिकडे घरोघर वीज येत होती आणि झाडावर मेणबत्त्यांच्या जागीं विजेचे दिवे लागत होते. झाड मध्यें, दिवे वर, तर गाडीनें भोंवतीं फिरावें हें ओघानेंच आलें. शिवाय त्या थंड देशांत नाताळास दूरचीं माणसें घरीं पोंचवीत असे ती आगगाडीच. पाहुणे, पत्रें, भेटींच्या पेट्या, सर्व तिच्यांतून उतरत. मुलांच्या मनांत नाताळ आणि गाडीची शिटी यांची गांठ पडली ती अशी.

आमच्या घरांत मात्र ही गांठ अगदीं उलट पडली होती, आणि गाडी घेण्यास खरी अडचण तीच होती. पैशाची अडचण त्या मानानें थोडी. माझ्या धाकट्या मुलीनें ऑक्टोबरापासूनच मोबाइलच्या पडद्यावर ती गाडी हेरून ठेविली होती. तांबडें इंजिन, हिरवे तीन डबे, छपरावर बर्फ, आणि दारांवर सोनेरी तारे. माझ्या पत्नीनें हिशेबाची वही पुढें ओढली, घराच्या रंगाचें काम उन्हाळ्यावर ढकललें, आणि अट घातली ती एकच : "पुढच्या वर्षीं नवा डबा, त्याच्या पुढच्या वर्षीं पूल, हें चालायचें नाहीं." मेर्क्लिनचें नांवहि तिनें ऐकलेलें नव्हतें, तरी तिनें त्यांस पुरतें ओळखिलें होतें.

आईनें मात्र स्पष्ट सांगितलें, "घरांत काय वाटेल तें आण. आगगाडी आणूं नको."

मुलें चकित झालीं. आजी कशासहि नको म्हणत नाहीं, असा त्यांचा अनुभव. कारण विचारण्याचें धैर्य त्यांस झालें नाहीं. मला विचारावें लागलें नाहीं.

माझे वडील मनमाड जंक्शनांत सांधेवाले होते. रेल्वेंत त्यांस पॉइंट्समन म्हणतात. माझ्या लहानपणीं मनमाडास दोन जातींचे रूळ होते. मुंबई-भुसावळची मोठी लाइन, तिची रुंदी १६७६ मिलिमीटर. आणि औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगराकडे, जाणारी मीटर लाइन, तिची रुंदी नांवाप्रमाणें बरोबर एक मीटर. एका गाडीचे डबे दुसऱ्या रुळांवर जात नसत. त्यामुळें एकीकडचा माल उतरावा आणि दुसरीकडे चढवावा, असा उद्योग तेथें रात्रंदिवस चाले. पुढें ती लाइन रुंद झाली आणि तो गोंधळ मिटला. तर अशा जंक्शनांत सणवार कोठला? सर्व जगानें सणास घरीं जावें म्हणून कांहीं माणसांनीं त्या रात्रीं घरीं जावयाचें नसतें. नाताळची रात्र बहुधा वडिलांच्याच वांट्यास येई. कारण गाड्या दुप्पट, आणि रजा मागणारेहि दुप्पट. आई सायंकाळीं करंज्या, चकल्या आणि मटणाचा रस्सा डब्यांत भरून माझ्या हातीं देई. मी तो रुळांच्या कडेकडेनें केबिनपर्यंत नेऊन पोंचवीत असें. मध्यरात्रीं देवळाची घंटा वाजे तेव्हां घरीं आम्ही तिघें असूं. आई, मी आणि धाकटा भाऊ. वडील सकाळच्या उपासनेस थेट कामावरून येत. अंगांत तोच कोट, हाताला दिव्याच्या घासलेटाचा वास. दुसरें गीत संपण्यापूर्वीं त्यांचा डोळा लागे. आई त्यांस कोपरानें हलवीत नसे. शेजारच्यांस दिसूं नये म्हणून ती पदर थोडा पुढें ओढून बसे, एवढेंच.

वडील निवर्तून आतां नऊ वर्षें झालीं. धाकटा भाऊ भुसावळास सहायक लोको पायलट आहे. यंदा नाताळच्या रात्रीं त्याला गाडीवर जावयाचें आहे, हें पत्रक नोव्हेंबरांतच आलें होतें. तेव्हां आई म्हणाली तें कांहीं एका खेळण्यास उद्देशून नव्हतें.

मीं गाडी तरी आणिली. आईचें दुःख मला कळत नव्हतें असें नाहीं. पण जी वस्तु चाळीस वर्षें आमच्या घराचा नाताळ बाहेरून चालवीत आली, ती एकदां घरांत आणून समोर ठेवावी, मुलांनीं तिला हात लावावा, वाटेल तेव्हां थांबवावी, असें मला फार वाटलें. हें मीं तिला बोलून दाखविलें नाहीं. आमच्या घरीं असल्या गोष्टी बोलण्याची रीत नाहीं.

खरेदीसाठीं आम्ही पुण्यास गेलों. खेळण्यांच्या दुकानांत तीन तऱ्हा आढळल्या. पहिली, मागें ओढून सोडावयाची. ती स्वस्त खरी, पण तिला रूळ नसतात, आणि रूळ नसलेली आगगाडी ही आगगाडी नव्हेच. तिसरी, परदेशी, विजेवरची, 'एच्. ओ.' मापाची. तिचे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंद, आणि प्रत्येक वस्तु खऱ्याच्या सत्त्याऐंशींव्या हिश्शाची. असल्या चिमुकल्या गाड्यांचें जोशी यांचें संग्रहालय पुण्यांत कोथरूड भागांत १९९८ पासून आहे. तेथें मुलांस मीं पूर्वीं नेलें होतें, आणि पालकांनीं अवश्य न्यावें. मात्र ती गाडी घेण्याची ऐपत शिक्षकाची नव्हे. आणि चार वर्षांच्या पाहुण्या पोरानें तिला एकदां हात लावला कीं संपलें. म्हणून मधली निवडली. घडण प्लॅस्टिकची, वीज घटांची, रूळ एकमेकांत अडकणारे. किंमत तीन हजार चारशें रुपये. दुकानदारानें डब्यावर डबा रचून दाखवितांना, "साहेब, नंतर आणखी डबेहि मिळतील," असें म्हटलें. मीं पत्नीकडे पाहिलें नाहीं.

खोकें उघडल्यावर मुलांआधीं मींच मोजपट्टी काढली. हा आमच्या धंद्याचा दोष आहे. रुळांमधील अंतर ४५ मिलिमीटर भरलें. मला विलक्षण आनंद झाला, आणि त्याचें कारण असें. न्यूरेंबर्गच्या लेमान कारखान्यानें १९६८ मध्यें बागेंत चालविण्याजोगी मोठी गाडी काढली. तिच्यासाठीं हें ४५ मिलिमीटरांचें माप घेतलें, आणि प्रमाण धरलें एकास साडेबावीस. एक मीटरास साडेबावीसांनीं भागा. साडेचव्वेचाळीसांच्या जवळपास उत्तर येतें. म्हणजे या प्रमाणांत हें माप मीटर लाइनीचें! मनमाडची उखडलेली मीटर लाइन खोक्यांत बसून आमच्या घरीं आली होती. हें मीं जेवतांना मोठ्यानें सांगितलें. आईनें आमटी वाढली. ती बोलली नाहीं. पण तिनें मान वर करून रुळांकडे एकवार पाहिलें, हें माझ्या लक्षांत आलें.

मांडणी पाहण्याजोगी झाली. वांसाच्या कामट्यांचा आणि पतंगी कागदाचा तारा आम्ही दर वर्षीं करतों तसा वर टांगला. खालीं गव्हाण, गवत खरें, मेंढ्या मातीच्या, त्यांतील एक तीन पायांची. भोंवतीं बारा वांकड्या रुळांचें वर्तुळ. सरळ रूळ चार होते, पण ते लाविले तर गाडी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यास अडते, म्हणून ते खोक्यांतच राहिले. थोरला आठवींत आहे. त्यास मीं हिशेब घातला. वर्तुळाचा व्यास एक मीटर वीस सेंटिमीटर, परीघ काढ. तो पावणेचार मीटरांहून किंचित् अधिक आला. एका फेरीस दहा सेकंद लागतात, वेग काढ. आतां साडेबावीसांनीं गुण. खऱ्या गाडीच्या हिशेबीं ताशीं सुमारें तीस किलोमीटर! मुलगी म्हणाली, "म्हणजे पॅसेंजर आहे." इतकें मन लावून वर्तुळाचें गणित त्या मुलानें माझ्या वर्गांतहि केलेलें नाहीं.

गाडींत सारेंच मला पसंत पडलें असें नव्हे. इंजिनांत चालकाच्या जागीं दाढीवाला सांताक्लॉज बसविला आहे. हे मूळचे संत निकोलस. चौथ्या शतकांत आशिया मायनरमधील मायरा नगरीचे बिशप. त्यांच्या अंगावरचा झगा जाऊन तांबडा कोट आला, एवढें मीं सहन करीन. पण बिशपांस इंजिनावर चढविणें म्हणजे फार झालें. शिटीबरोबर एक इंग्रजी चालहि वाजते. ती सर्व जगास नाताळची म्हणून ठाऊक आहे. पण जेम्स पियरपाँट यांनीं १८५७ मध्यें छापलेल्या त्या गाण्यांत नाताळचें नांवहि नाहीं, बर्फावरील घसरगाडीची मौज मात्र आहे. पन्नासाव्या फेरीनंतर पत्नीनें गाडी उलटी करून पोटाखालचें एक बारीक बटण शोधून काढलें, आणि त्यानंतर आमच्या घरांत शांति नांदली.

२४ तारखेची सायंकाळ. भाऊ दुपारींच गाडीवर गेला होता. आई बाजेवर बसून करंज्यांना मुरड घालीत होती, पाठ गाडीकडे. मुलांनीं दिवे घालवून गाडी सोडली. अंधारांत इंजिनाचा दिवा गव्हाणीवरून, भिंतीवरून, आईच्या पाठीवरून फिरत राहिला. किती फेऱ्या झाल्या असतील कोण जाणे. एकाएकीं आई वळली, आणि म्हणाली, "शेवटच्या डब्याला दिवा कुठें आहे?"

कुणास कांहीं कळेना. थोरल्यानें डबा उचलून पाहिला. मागें कांहीं नव्हतें.

"मग ही गाडी पुरी आली, हें कळायचें कसें?"

मग तिनें मुलांस समजावून सांगितलें, आणि मीं तें तिच्या तोंडून प्रथमच ऐकिलें. प्रत्येक आगगाडीच्या शेवटच्या डब्यास मागें 'एल्. व्ही.' अक्षरांची पाटी असते. इंग्रजींत त्याचा अर्थ शेवटचा डबा. रात्रीं तेथें तांबडा दिवा असतो. गाडी स्टेशनांतून पुढें गेली म्हणजे ती पाटी किंवा तो दिवा डोळ्यांनीं पाहावयाचा. दिसला, तर गाडी पुरी आली; मागें वाटेंत एखादा डबा तुटून राहिलेला नाहीं. न दिसला, तर मागची लाइन मोकळी झाली असें म्हणतां येत नाहीं, आणि मागून दुसरी गाडी सोडतां येत नाहीं. कोण जाणे, अंधारांत रुळांवर माणसांनीं भरलेला डबा उभा असेल! तो दिवा पाहून हातांतील कंदिलानें खूण करणें हें वडिलांचें काम. "सारे लोक इंजिन बघतात," आई म्हणाली. "तुमचे आजोबा शेपूट बघायचे. थंडींत, पावसांत, एकहि गाडी त्यांनीं शेपूट बघितल्यावांचून सोडली नाहीं. नाताळच्या रात्रींसुद्धां."

शेवटचे दोन शब्द ती अगदीं सहज बोलली. मुलगी उठली, तिनें पिंवळ्या पुठ्ठ्याचा चौकोन कापला. थोरल्यानें त्यावर काळ्या शाईनें अक्षरें काढलीं. पाटीखालीं झाडावरच्या माळेंतील एक तांबडा मणि डिंकानें चिकटविला. आईनें तें हातांत घेऊन पाहिलें, मणि वांकडा होता तो सरळ केला, आणि मग गाडी सोडण्याची परवानगी दिली. करंज्यांचें ताट घेऊन ती आतां रुळांकडे तोंड करून बसली. मध्यरात्रीं उपासनेस निघेपर्यंत गाडी समोरून गेली कीं तिचे डोळे इंजिनाबरोबर पुढें जात नसत, मागें थांबत.

भाऊ २६ तारखेस सायंकाळीं आला. तोंपर्यंत आईनें गाडी हलवूं दिली नव्हती, आणि ताटभर करंज्या व केकचा एक कोपरा झांकून ठेविला होता. बूट काढून तो तसाच जमिनीवर आडवा झाला आणि गाडी पाहूं लागला. रोज खऱ्या इंजिनांत बसणारा माणूस, पण चेहरा पाहिला तर माझ्या धाकटीच्या वयाचा! एक फेरी झाली, दुसरी झाली. मग त्यानें हात पुढें करून शेवटचा डबा अलगद थांबविला, पुठ्ठ्याची पाटी निरखून पाहिली, आणि माझ्याकडे वळून विचारलें, "दादा, ही कुणाची कल्पना?"

मीं स्वयंपाकघराकडे पाहिलें. आई रस्सा गरम करावयास उठून गेली होती.